‘त्र’ म्हणजे किती अक्षरं?

२०२३च्या फेब्रुवारीत आमच्या शहराचं नाव बदललं आणि मी बांधत असलेल्या एका ॲपमध्ये ‘त’चा पाय मोडला.

नावाच्या बाजूने आणि विरोधात जे बोललं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी इथे शिरत नाही. मी गारखेड्यात राहते, सूतगिरणी चौकाच्या अलीकडे, आणि घरातूनच फ्रंट-एंडची कामं करते. तेव्हा एका दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं ॲप चाललं होतं. टोकनच्या चिठ्ठीवर पेशंटच्या गावाची पहिली तीन अक्षरं छापायची, अशी मागणी होती. ‘औरंगाबाद’चं ‘औरं’ व्हायचं. बरं दिसायचं. नवं नाव टाकलं, चिठ्ठी काढली, तर छापून आलं ‘छत्’. हलन्त, अर्धवट, तोंडातच राहिल्यासारखं.

चूक माझी होती. मी ‘पहिली तीन’ म्हणाले आणि कॉम्प्युटरने त्याच्या हिशेबाने तीन दिली: छ, त, आणि पाय मोडण्याची खूण. त्याला ‘छत्रपती संभाजीनगर’ची लांबी विचारली तर तो १७ सांगतो. तुम्ही बोटांवर मोजून बघा: छ, त्र, प, ती, सं, भा, जी, न, ग, र. दहा. मधली रिकामी जागा धरली तर अकरा. साठवायला मात्र हे नाव ४९ बाइट घेतं. ‘औरंगाबाद’ २४मध्ये भागायचं.

दुसरी चूक मावशीने पकडली. ती पुंडलिकनगरला राहते, साठी उलटलेली, फोन सराईतपणे वापरते. तिला ॲप दाखवलं तर पहिल्याच पानावर थांबली. म्हणाली, “हे ‘पढे’ काय आहे गं? हिंदीत केलंय का?” बटणावर मी ‘पुढे’ लिहिलं होतं. पण बटणाची उंची मी इंग्रजी ‘नेक्स्ट’च्या मापाने ठरवलेली होती आणि खालचं जे बाहेर येईल ते कापायला सांगितलं होतं. ‘प’चा उकार त्या कात्रीत गेला.

या दोन चुका दुरुस्त करायला एक दुपार पुरली. पण त्या निमित्ताने मी वाचत गेले आणि लक्षात आलं की या अगदी जुन्या चुका आहेत. मराठी अक्षर दुसऱ्या कोणाच्या तरी मापाने केलेल्या खोक्यात बसवायचं, हे काम गेली दोनशेहून अधिक वर्षं चालू आहे.

खिळे

मराठी व्याकरणाचं एक अगदी सुरुवातीचं छापील पुस्तक महाराष्ट्रात झालंच नाही. ते १८०५ साली बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला विल्यम कॅरीच्या मिशन छापखान्यात निघालं. तिथले देवनागरी खिळे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हाताखाली घडलेले. रोजचं मराठी लिहिणं तेव्हा मोडीत चालायचं. कॅरीने व्याकरण देवनागरीत छापलं आणि पाच वर्षांनी मराठी कोश मोडी खिळ्यांत काढला. पुढे छापखान्यांनी देवनागरी उचलली आणि मोडी मागे पडत गेली. कोणती लिपी टिकली यात खिळे कोणाकडे होते याचा वाटा मोठा आहे. शाळेच्या पुस्तकात हे इतक्या स्पष्टपणे सांगत नाहीत.

खिळ्यांची अडचण अशी. इंग्रजी अक्षरं एका रांगेत उभी राहतात. एक खिळा झाला की शेजारी दुसरा. आपलं अक्षर तीन मजली आहे: मधे मूळ अक्षर, वर मात्रा-रफार-अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराची लोंबणारी बाजू. शिसं तर चौकोनीच. मग एक पद्धत अशी निघाली की तिन्ही मजले वेगळे ओतायचे आणि जुळाऱ्याने एकेका ओळीसाठी तीन ओळी रचायच्या. दुसरी अशी की मात्रेसकट अख्खं अक्षर एकाच खिळ्यावर घ्यायचं. पहिलीत खिळे कमी, पण तुकडे हलायचे आणि मात्रा अक्षरापासून सुटी दिसायची. दुसरीत छपाई देखणी, पण खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढायचे आणि जुळारी बिचारा खणांच्या भिंतीसमोर उभा.

हा सगळा घोळच नको म्हणून मुंबईत गणपत कृष्णाजींनी वेगळी वाट धरली. त्यांनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. हाताने लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि दगडावरून छापायचं. अक्षर कितीही मजली असो, दगडाला काय! पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले, पण सुरुवात दगडाने झाली.

आमच्या औरंगाबादला ही गोष्ट आणखी जवळची आहे. निजामाच्या राज्यात हे शहर उर्दू प्रकाशनाचं मोठं केंद्र होतं. मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं कामकाज १९३८मध्ये दिल्लीला हलेपर्यंत, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं, इथूनच चाललं. आणि उर्दूची नस्तालीक लिपी तर चौकोनी खिळ्याला देवनागरीहूनही कमी दाद देणारी. तिचे शब्द उजवीकडून डावीकडे येताना उतारावर घसरत खाली येतात. म्हणून उर्दू जगाने शिळाप्रेस आणि हाताने लिहिणारे कातिब विसाव्या शतकात खूप उशिरापर्यंत सोडले नाहीत.

दगडाची ही पद्धत गेली असं समजू नका. गल्लीतल्या गणेश मंडळाची सूचना, सोसायटीची नोटीस, शाळेचं परिपत्रक व्हॉट्सॲपवर कसं येतं ते आठवा. फोटो म्हणून. कोणीतरी मराठी नीट दिसेना म्हणून चित्र करून टाकलेलं असतं. ते दिसतं झकास. पण त्यातला शब्द शोधता येत नाही, फोन नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही. सरकारी संकेतस्थळांवरची स्कॅन केलेली परिपत्रकं याच घराण्यातली.

खिळ्यांची वाट मात्र एका माणसाने इतकी नीट बांधली की तिचा दर्जा पुढच्या कित्येक पिढ्यांना पुरला. जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९चा. घरची गरिबी, म्हणून पोरवयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे घडवायचा. जावजी ते बघत शिकले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. ठसे कोरायला राणोजी रावजी आरू यांचा हात होता. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं अजूनही जुन्या ग्रंथालयांत सापडतात. एखादं मिळालं तर उघडून जोडाक्षरं बघा. ‘ङ्क्ष्व’सारखं काहीतरी आलेलं असतं आणि ते कुठेही अडखळत नाही. कोणत्याही अक्षराला तिथे ‘तू फार मोठं आहेस, लहान हो’ असं सांगितलेलं नाही. खण वाढवले, मेहनत वाढवली.

मी ज्याला आज डिझाइन सिस्टीम म्हणते ते हेच काम आहे असं मला वाटतं. फक्त त्यांनी ते शिशात केलं आणि चुकलं तर पुन्हा ओतावं लागे.

यंत्राला आवडेल अशी लिपी

विसाव्या शतकात यंत्रं बदलली आणि सूर बदलला. लायनोटाइपच्या कीबोर्डला ९० कळा. टाइपरायटरवरही साधारण तेवढीच चिन्हं मावायची. शेकडो खिळ्यांची देवनागरी ९०मध्ये कशी घालायची? १९३०च्या दशकात हरि गोविंद गोविल यांनी लायनोटाइपसाठी देवनागरी बसवून दाखवली, जोडाक्षरांचे तुकडे करून, अर्धी अक्षरं शेजारी शेजारी लावून.

मग प्रश्न उलटा फिरला. यंत्र बदलण्याऐवजी लिपीच का बदलू नये? सावरकरांनी अ-ची बाराखडी मांडली: इ, ई, उ, ऊ यांना वेगळी अक्षरं कशाला, अ-लाच वेलांट्या आणि उकार लावा. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती छापायला घेतली. विनोबांच्या लोकनागरीतही हाच विचार होता. आज ती पानं बघताना मौज वाटते, पण त्यांचा हिशेब वेडगळ नव्हता. खिळे कमी झाले तर छपाई स्वस्त होईल आणि पुस्तक गरिबाच्या हातात जाईल, हा हेतू खरा होता.

हसू येतं ते १९५३च्या लखनौच्या लिपी परिषदेचं. तिथे असं सुचवलं गेलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न काढता उजवीकडे काढावी, दीर्घ वेलांटीसारखीच, फक्त तिचा दंड आखूड ठेवावा. यंत्र डावीकडून उजवीकडे जातं, तर ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या आधी का यावी? तर्क बिनतोड. लोकांनी तो वापरून बघितला, ‘कि’ आणि ‘की’ ओळखता येईनात आणि चार वर्षांत, १९५७ साली, वेलांटी परत डावीकडे आली.

माझ्या कामात याला एक नाव आहे: वापरणाऱ्याला न विचारता केलेला बदल. समितीने ठरवला, वापरणाऱ्याने परतवला.

टाइपरायटरने आणखी एक सवय मागे ठेवली, आणि ती पुढे महागात पडली. कळा वाचवायला तिथे ‘ग’सारखं अक्षरही तुकड्यांत बनायचं: आधी दंड नसलेला भाग, मग काना मारून दंड. म्हणजे ऑपरेटरची बोटं अक्षर लिहीत नव्हती, अक्षराचं चित्र जुळवत होती.

चित्र की अक्षर

कॉम्प्युटर आले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. मशीनमध्ये काय साठवायचं, अक्षराचा आकार की अक्षर?

पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये सुरू केलेलं जिस्टचं काम तिथे आलं. त्यांचं म्हणणं असं की आकार साठवू नका. ‘त’, ‘्’, ‘र’ एवढंच क्रमाने साठवा, ‘त्र’ कसा काढायचा ते पडद्यावर दाखवताना मशीन ठरवेल. ‘कि’मध्येही आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवा. डोळ्यांना ती डावीकडे दिसेल, पण साठवताना उच्चाराचा क्रम. लखनौला जे कागदावर करायचं ठरलं ते इथे पोटात केलं आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही! या विचारातून इस्की हे प्रमाण आलं आणि १९९१च्या युनिकोडने देवनागरीसाठी त्याचीच मांडणी घेतली.

पण बाजार दुसरीकडे गेला होता. डीटीपीवाल्यांना आज संध्याकाळी लग्नपत्रिका हवी होती. त्यांनी टाइपरायटरचीच युक्ती फॉन्टात घातली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे. कागदावर सुंदर. पण फाइल दुसऱ्या मशीनवर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. १९९०च्या दशकातला आणि त्यानंतरचाही कितीतरी मराठी मजकूर असा अडकून पडला. मी स्वतः असल्या फाइली युनिकोडमध्ये उलगडण्याचे पैसे घेतले आहेत. कंटाळवाणं काम. प्रत्येक फॉन्टाची तुकड्यांची जागा निराळी असते.

युनिकोड घराघरात पोचायला विंडोज २००० यावं लागलं. त्यात देवनागरी दाखवण्याची सोय होती आणि ‘मंगल’ हा फॉन्ट होता. तो काढला र. कृ. जोशी यांनी. जन्म १९३६. जाहिरातीच्या जगात काम केलेला, कविता लिहिणारा सुलेखनकार, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत प्राध्यापक. बोरूने अक्षर काढणारा माणूस आता जोडाक्षरांचे नियम फॉन्टाच्या पोटात लिहीत होता. ‘मंगल’ देखणा आहे का यावर दोन मतं होऊ शकतात. मला तो जरा रुक्ष वाटतो. पण कमी पिक्सेलच्या पडद्यावर सरकारी बाबूला आणि सायबर कॅफेतल्या पोराला दोघांनाही वाचता येईल, हे त्याचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. जोशी २००८ साली गेले.

मग फोन आले आणि पुन्हा शून्यापासून. २०११च्या अँड्रॉइड ४.० आधीच्या बहुतेक फोनांवर मराठी म्हणजे चौकोनच चौकोन, नाहीतर वेलांट्या भलतीकडे. आज हे खोटं वाटेल, कारण आता फॉन्टांची चंगळ आहे. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत देऊन टाकले. दुकानांच्या पाट्यांवर आणि ॲपांमध्ये ‘बालू’ इतका दिसतो की मला आता तो नकोसा झालाय, पण ते त्याचं यशच म्हणायचं.

फॉन्ट मिळाला म्हणजे झालं असं मात्र नाही. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीचा ल दंडाचा. युनिकोडला दोन्ही ल एकच. कोणता दाखवायचा हे फॉन्ट ठरवतो, आणि पुष्कळ फॉन्ट आधी हिंदीचा दाखवतात. मराठी वळण आत ठेवलेलं असलं तरी पानाच्या कोडमध्ये ‘या मजकुराची भाषा मराठी’ असं लिहिल्याशिवाय ते बाहेर येत नाही. एक ओळ. किती मराठी संकेतस्थळं ती लिहीत नाहीत ते बघून मी आता चिडत नाही, नुसती मोजते. ‘टिरो देवनागरी मराठी’ नावाचा फॉन्ट तर या भानगडीत न पडता सरळ मराठीसाठी वेगळाच निघाला.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी घ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. हा अर्धा ‘ऱ’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. दिसायला सारखा, आत निराळा. खुद्द ‘ॲप’ या शब्दाचंही तसंच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत आणि कित्येक कीबोर्ड अजून तेच करतात. दवाखान्याच्या यादीत ‘ॲड. कुऱ्हाडे’ म्हणून नोंदवलेल्या पेशंटला रिसेप्शनवरच्या मुलीने शोधलं आणि यादीने सांगितलं, असं कोणी नाही. माणूस समोर उभा. त्याने आपलं नाव तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.

ही तिसरी चूक. हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. कापलेलं बटण ओशाळवाणं असतं. पण आपलं नाव आपल्याच भाषेत नीट लिहूनही यंत्र ‘नाही’ म्हणतं, तेव्हा माणूस पुढच्या वेळी इंग्रजीत लिहितो. आणि मग माझ्यासारखीचा ग्राहक म्हणतो, बघा, मराठीत कोणी भरतच नाही, काढून टाका. दवाखान्याने तेच म्हटलं. मी आठवडा मागून घेतला.

उपाय अवघड नव्हते. शोधण्याआधी दोन्ही ‘ऱ’ आणि दोन्ही ‘ॲ’ एकाच रूपात आणले. बटणांच्या उंच्या काढून टाकल्या आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीच्याही वर नेली. इंग्रजी शीर्षकांसाठी अक्षरांत घातलेलं जास्तीचं अंतर मराठीपुरतं शून्य केलं, कारण ते शिरोरेषा तोडतं. आठवणीच्या एसएमएसचा मजकूर पुन्हा लिहिला. इंग्रजीत १६० अक्षरांना एक मेसेज लागतो, मराठीत एक चिन्हही आलं की मर्यादा ७० होते, आणि त्यात नुसत्या शहराच्या नावालाच १७ जातात. त्या नावाचं ‘छ. संभाजीनगर’ करायला दवाखाना लगेच तयार झाला. एसटीच्या पाट्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ती वाट आधीच पाडली होती.

राहिली चिठ्ठी. मजकुराचे वाचणाऱ्याला दिसणारे तुकडे कुठे पाडायचे याचे युनिकोडचे नियम आहेत आणि ब्राउझर ते वापरतात. ‘छत्रपती’चे त्या नियमांनी बराच काळ पाच तुकडे व्हायचे: छ, त्, र, प, ती. २०२३च्या सप्टेंबरात युनिकोड १५.१ आलं, त्यात देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम घातला आणि तुकडे चार झाले. ‘त्र’ एक अक्षर ठरलं. जावजी दादाजींच्या कारखान्यात खिळे पडायला लागले त्याला तेव्हा १५९ वर्षं झाली होती. त्याच सप्टेंबरात जिल्ह्याचं आणि विभागाचंही नाव अधिकृतपणे बदललं. दोन्ही बातम्या मला एकाच आठवड्यात कळल्या आणि दुसरी वाचून उड्या मारणारी गारखेड्यात बहुधा मी एकटीच होते.

नवा नियम सगळ्या फोनांत उतरायला वेळ लागणार होता, म्हणून तोवरचं जोडकाम मी हाताने लिहिलं. चिठ्ठीवर ‘छत्रप’ आलं. गावाचं नाव अर्धवटच ते, पण पाय तरी शाबूत.

मावशीला नवं ॲप दाखवलं. तिने ‘पुढे’ दाबलं, गाव निवडलं, नाव टाइप केलं. मग चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ नेला आणि म्हणाली, “तारखेचा रंग एवढा फिक्कट का ठेवलास गं?”